सुट्टीत मुंबईला जाताय? मुलांना लालबाग-परळ असं दाखवा



वार्षिक परीक्षा संपली की आपल्या आजरा भागातल्या बऱ्याच घरांत एकच गडबड सुरू होते. मुंबईला जायचं! कुणाचा चुलता परळला, कुणाची आत्या करी रोडला, कुणाचे आजोबा अजून लालबागच्या चाळीत. पिशवीत घनसाळ तांदूळ, काजूगर, बरणीत चटणी घ्यायची, रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी डोळे उघडले की मुंबई.

जून महिन्यात शाळा उघडली की मी चौथीच्या मुलांना 'सुट्टीत मी काय पाहिले' यावर दहा ओळी लिहायला सांगते. एका वर्षी एका मुलानं लिहिलं होतं, "मी मुंबईला गेलो. मॉल बघितला. मॉलमध्ये एसी होता. सरकता जिना होता. खूप मज्जा आली." मी त्याला सहज विचारलं, "राहिलास कुठं?" तो म्हणाला, "आजोबांच्या खोलीवर." "आजोबा काय करत होते मुंबईत?" तो म्हणाला, "वॉचमन होते, बाई."

पालकसभेला त्याचे वडील आले तेव्हा बोलता बोलता कळलं, की आजोबा आधी गिरणीत साचेवाले होते. संपानंतर वॉचमन झाले. आणि पोरानं जो मॉल बघितला, तो त्याच गिरणीच्या जागेवर उभा आहे. आजोबांनी नातवाला हौसेनं मॉल दाखवला, पण 'इथं माझा साचा होता' हे सांगितलं नाही. नातवानं विचारलंही नाही. विचारायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात माझीही चूक होती. परिसर अभ्यास शिकवताना 'स्थलांतर' हा शब्द मी फळ्यावर लिहिला होता, त्याची व्याख्याही पाठ करून घेतली होती. स्थलांतर ज्याच्या घरात झालं, त्याला मात्र ते दिसलं नव्हतं.

तेव्हापासून सुट्टीआधी मी मुलांना आणि पालकांना थोडी तयारी करून देते. ती आज तुमच्यासमोर मांडते. खाणं, खरेदी, भटकंती सगळं यात आहे. फक्त डोळे उघडे ठेवून.

निघण्याआधी घरी

सगळ्यात आधी मुलाला आपलं नातं समजावून सांगा. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, ती १८५४ साली स्थापन झाली. पुढं गिरण्या वाढत गेल्या. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी, भायखळा या भागाला लोक 'गिरणगाव' म्हणू लागले. गिरण्यांना माणसं लागत होती आणि आपल्या डोंगराळ भागात पावसाळ्यानंतर हाताला काम नव्हतं. म्हणून कोकणातून, सातारा-सांगलीकडून आणि आपल्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातून माणसं गेली. आधी एक जण जायचा. तो भावाला न्यायचा, भाऊ मेहुण्याला. बायकामुलं गावी, शेती गावी, पगार मुंबईत. महिन्याच्या मनीऑर्डरवर इथली घरं उभी राहिली. मुलाला विचारा, "आपल्या घराचं छप्पर कुणाच्या पैशातून झालं?" आजीला नक्की माहीत असतं.

दुसरी तयारी वहीची. एक छोटी वही आणि पेन्सिल मुलाच्या खिशात असू द्या. त्यात चार शीर्षकं आधीच लिहून घ्या: काय खाल्लं, काय विकत घेतलं, काय वाचलं (पाट्या, नावं), कुणाशी बोललो.

पोहोचल्यावर: कुठून चालायचं?

मध्य रेल्वेवर दादरच्या पुढं सीएसएमटीकडं जाताना क्रमानं परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा अशी स्टेशनं येतात. मुलाला ती आधी पाठ करायला लावू नका, गाडीत खिडकीतून वाचायला लावा. करी रोड किंवा चिंचपोकळीला जलद लोकल थांबत नाही, धिमी पकडायची. धिमी आणि जलद यातला फरक तिथं प्रत्यक्ष समजतो.

करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरलात की लालबागचा बाजार चालत गाठता येतो. डोक्यावरून उड्डाणपूल जातो, खाली दुकानं, बस, हातगाड्या. मुलाला पहिली पाच मिनिटं काही सांगू नका. नुसतं उभं करा आणि विचारा, "किती भाषा ऐकू येतात?" मराठी, हिंदी, गुजराती तर येतीलच. त्यातही मालवणी वेगळी, घाटावरची वेगळी. आपल्या बोलीतला एखादा "काय रं, कवा आलास?" कानावर पडला तर पोराचा चेहरा बघा!

बाजार: मिरचीची भाषा

लालबागचा मसाल्याचा बाजार उन्हाळ्यात बघण्यासारखा असतो. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून ठेवायची रीत मुंबईतही आहे. बायका मिरच्या निवडून घेतात, खडा मसाला मोजून घेतात, भाजून घेतात आणि तिथंच डंखावर कुटून घेतात. आपल्याकडं ज्याला आपण कांडप म्हणतो तेच तिथलं डंख. आवाज तोच, खकाणा तोच. शिंका येणार, रुमाल न्या!

इथं मुलाला एक काम द्या. मिरचीच्या राशींवरची नावं वहीत लिहायला लावा. ब्याडगी, गुंटूर, काश्मिरी, लवंगी आणि संकेश्वरी. आता विचारा, "यातलं आपल्या शेजारचं गाव कोणतं?" संकेश्वर म्हणजे गडहिंग्लजवरून पलीकडं गेलं की लागणारं, आता कर्नाटकात असलेलं गाव. गडहिंग्लजच्या बाजारात येणारी जवारी मिरची ती हीच. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, रंगाला लाल आणि तिखटाला कमी. गुंटूर आंध्रातलं. म्हणजे एका दुकानासमोर उभं राहून नकाशा वाचून होतो. घरी आल्यावर ही गावं नकाशात शोधायची, एवढंच.

दुसरं काम भावाचं. आपल्या आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लालबाग-परळमधल्या किराणा दुकानांत घनसाळ मिळतो का ते मुलाला विचारू द्या. मिळाला तर किलोचा भाव लिहून घ्यायचा आणि आपल्या गावातला भाव शेजारी लिहायचा. फरक किती? तो कुणाकुणात वाटला गेला? गाडीभाडं, हमाली, पिशवी, दुकानाचं भाडं, व्यापाऱ्याचा नफा. आणि ज्यानं चिखलात उभं राहून रोप लावलं त्याला किती? वजाबाकीचं उदाहरण यापेक्षा चांगलं मला पुस्तकात सापडलेलं नाही. आणखी एक: नाव घनसाळ असलं तरी मुठीत घेऊन वास घ्यायला लावा. आपल्या पोरांना तो वास कळतो.

तिथंच जवळ चिवडा गल्ली आहे. पातळ पोह्याचा, भाजक्या पोह्याचा, मक्याचा असे चिवड्याचे प्रकार समोर मांडलेले असतात. पावकिलो, अर्धा किलो यांचा हिशेब मुलानंच करायचा, पैसे त्यानंच द्यायचे, उरलेले त्यानंच मोजून घ्यायचे. आपण मागं उभं राहायचं. चुकला तर दुकानदारासमोर ओरडू नका. बाजूला घेऊन परत मोजायला सांगा.

बाजाराची एक गोष्टही सांगा. लालबागचा राजा सगळ्यांना टीव्हीवरून माहीत असतो, पण तो बाजारातून आला हे कमी मुलांना माहीत असतं. मंडळाच्या इतिहासाप्रमाणे १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळी आणि दुकानदार उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ पासून गणपती बसू लागला. रोजची भाजी-मासळी विकायला जागा असणं ही किती मोठी गोष्ट असते, हे यातून मुलांना समजतं. आपल्या आठवडी बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून बसणारी मावशी त्यांना मग वेगळी दिसते.

खाणं: पोट भरायचं आणि थोडं समजून घ्यायचं

खाण्यासाठी मुलाला ठरावीक रक्कम द्या, समजा शंभर रुपये, आणि निवड त्याला करू द्या. नियम तीनच. आधी भाव विचारायचा. गर्दी असेल तिथं, ताजं तळलेलं खायचं. आणि एक पदार्थ असा घ्यायचा जो घरी कधी खाल्ला नाही.

वडापाव तर होणारच. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगितलं जातं. तो गिरणगावात एवढा का चालला, हे मुलाला विचारा. कामगाराकडं वेळ कमी, पैसे कमी, बसायला जागा नाही. हातात धरून, चालता चालता खाता येईल आणि पोटाला आधार होईल असं काय? उत्तर पोरं स्वतः देतात. लालबागला 'लाडू सम्राट'मध्ये वडा, कोथिंबीर वडी असे मराठी पदार्थ मिळतात, तिथं बसून सावकाश खाता येतं. मासे खाणाऱ्यांसाठी मालवणी खाणावळी आहेत.

मालवणी खाणावळ कोल्हापूरच्या माणसांत कशी, असा प्रश्न मुलाला पडला पाहिजे. आपण घाटमाथ्यावरचे. आंबोली उतरलं की कोकण. गावी असताना घाटावरचा आणि कोकणातला माणूस एकमेकांना बाजारात भेटायचा. चाळीत मात्र त्यांच्या खोल्या शेजारी-शेजारी आल्या. आपली कांदा-लसूण चटणी आणि त्यांचा मालवणी मसाला एकाच गॅलरीत वाळत पडला. दोन्ही मसाले थोडे थोडे विकत घ्या आणि घरी वास घेऊन, चव घेऊन काय काय ओळखू येतं ते लिहायला सांगा. धणे, बडीशेप, कांदा, लसूण, सुकं खोबरं.

'खाणावळ' या शब्दापाशी जरा थांबा. गावाहून एकटे आलेले हजारो पुरुष जेवत कुठं होते? चाळीतल्या एखाद्या बाईकडं. दहा बाय बाराच्या खोलीत ती पहाटे उठून पंधरा-वीस माणसांची भाकरी-आमटी करायची, पाळीच्या वेळेप्रमाणं डबे भरायची आणि पैसे महिन्याला मिळायचे. किराणा उधार, उधारीवर व्याज. अशा बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. प्रेमाताई गोवा मुक्ती लढ्यातल्या कार्यकर्त्या. आपल्या मुलींना ही गोष्ट मुद्दाम सांगा. गिरणगाव म्हटलं की सगळे पुरुषांचंच बोलतात, पण त्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या हातांनीही मुंबई चालवली.

चिमणी आणि मॉल

आता मॉलकडं वळू. मुलांना मॉल बघू नका असं मी सांगत नाही. बघू दे की! पण लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये जाताना 'फिनिक्स' हे एका कापड गिरणीचं नाव होतं, कमला मिल्समधली ऑफिसं गिरणीच्याच आवारात आहेत, हे आधी सांगा. मग मुलाला खेळ द्या: या भागात 'मिल' हा शब्द किती पाट्यांवर दिसतो ते मोज. उंच चिमणी दिसली तर तिचं चित्र काढ.

गिरण्या बंद का झाल्या हे दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? मी असं सांगते. "कामगारांना वाटत होतं की पगार वाढला पाहिजे, आणि आपली संघटना निवडायचा हक्क आपल्याला पाहिजे. म्हणून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवलं. वर्षाहून जास्त काळ ते लढले. मालकांनी ऐकलं नाही, सरकारनंही ऐकलं नाही. संप मागं घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, तो विरत गेला. काही जण कामावर परत गेले, पुष्कळांना घेतलंच नाही. कुणी गावी परत आला आणि शेती करू लागला. कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झाला. पुढं एकेक गिरणी बंद होत गेली आणि त्या जमिनीची किंमत कापडापेक्षा जास्त झाली."

मुलं हमखास विचारतात, "मग त्यांना काय मिळालं?" खरं तेच सांगा. बंद गिरण्यांच्या जमिनीतला काही हिस्सा घरांसाठी राखला गेला, सोडतीत काही गिरणी कामगारांना घरं मिळाली, आणि कितीतरी कामगार व त्यांचे वारस अजून वाट बघत आहेत. आपल्या तालुक्यातही असे अर्ज भरलेले आजोबा-आजी आहेत. कुणाच्या घरात त्या अर्जाची पिवळी पडलेली झेरॉक्स जपून ठेवलेली असते.

खोली मोजा

मुंबईतला सगळ्यात चांगला धडा राहायच्या खोलीतच असतो. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यातली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आता या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. शाळेत हा उपक्रम मी दरवर्षी घेते: मैदानावर फक्कीनं १६ फूट बाय १० फूट आयत आखायचा. सगळ्या वर्गाला त्यात उभं करायचं. मग उदाहरण घालायचं.

समजा एका खोलीत १२ कामगार राहतात. पाळ्या तीन, प्रत्येक पाळीत ४ जण. म्हणजे एका वेळी ४ जण कामावर आणि ८ जण खोलीत. एका माणसाला झोपायला ६ फूट बाय अडीच फूट, म्हणजे १५ चौरस फूट जागा. ८ जणांना १२० चौरस फूट. उरले ४० चौरस फूट. त्यात मोरी, चूल, पाण्याचं पिंप आणि १२ पत्र्याच्या ट्रंका! क्षेत्रफळाचं सूत्र मुलं विसरतील, पण हे विसरत नाहीत. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळे एकदम घरी आले तर?" मी म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी यायचेच. मग काही जण गॅलरीत, काही जण फुटपाथवर झोपायचे."

गावाच्या नावानं घेतलेल्या अशा सामायिक खोल्यांना गावकीची खोली किंवा बैठकीची खोली म्हणतात. नोकरी शोधायला आलेला पोरगा, केईएम किंवा टाटा रुग्णालयात उपचाराला आलेला पेशंट, त्याच्यासोबतची माणसं, सगळ्यांना ती आधार देत आली. तुमच्या गावाची अशी खोली असेल तर मुलाला नक्की दाखवा. ती कुणी घेतली, वर्गणी किती होती, नियम काय होते, हे तिथल्या जाणत्या माणसाला विचारू द्या.

आणि आपल्या शिक्षकांसाठी एक: कवी नारायण सुर्वे याच गिरणगावातले. गिरणी कामगार असलेल्या गंगाराम सुर्व्यांनी हे अनाथ मूल वाढवलं. ते गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि पुढं त्याच महापालिकेचे प्राथमिक शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' हे त्यांच्या संग्रहाचं नाव मुलांना सांगितलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: रस्ता विद्यापीठ कसा असतो?

विचारताना जपून

एक विनंती. आजोबांना प्रश्न विचारायला लावताना घाई करू नका. संप, उपासमार, उधारी या जखमा आहेत. "तुम्ही हरलात का?" असं मूल विचारू शकतं, त्याच्या मनात वाईट नसतं. म्हणून सुरुवात सोप्या प्रश्नांनी करा. पहिल्या दिवशी गिरणीत गेलात तेव्हा वय किती होतं? भोंगा किती वाजता व्हायचा? डब्यात काय असायचं? पहिल्या पगारात काय घेतलं? आजोबा गप्प झाले तर तिथंच थांबायचं, हेही मुलाला शिकवा. गप्प बसणं हेसुद्धा उत्तर असतं.

सुरक्षिततेचंही सांगते. सकाळी ऑफिसच्या वेळेत आणि संध्याकाळी सुटायच्या वेळेत लहान मुलांना घेऊन लोकलमध्ये चढू नका, दुपारी फिरा. मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते आधी ठरवा. पाण्याची बाटली घरातून न्या. लोकांचे, त्यांच्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तो कुणाचा तरी उंबरठा आहे.

शाळा उघडल्यावर

जूनमध्ये मुलांच्या वह्या मागवा. गुण देऊ नका. एका भिंतीवर आजरा आणि मुंबई असे दोन ठिपके काढा आणि प्रत्येक मुलाच्या घरातून कोण गेलं, कोणत्या साली गेलं, काय काम केलं, ते दोऱ्यानं जोडा. ज्यांच्या घरातून कुणी गेलं नाही त्यांना 'आपल्याकडं कोण आलं?' हे शोधायला सांगा. ऊसतोडीला, वीटभट्टीला आलेली कुटुंबं आपल्याही शिवारात आहेत आणि त्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाला मी पुढच्या सुट्टीत हीच वही दिली होती. त्यानं चारच ओळी आणल्या. पहिली होती, "आजोबा चार साचे चालवायचे." शेवटची होती, "मॉलमध्ये त्यांनी मला ती जागा दाखवली. तिथं आता चपलांचं दुकान आहे."

तुमच्या वर्गात असा उपक्रम केलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा. मला पुढच्या वर्षीच्या वहीत ते घालायचे आहेत.